गाडीचा मॅन्युअल एसी आणि हीटर: ब्लोअर फक्त ४ वरच चालतोय, थंडावाही कमी. गॅस भरण्याआधी काय काय तपासू?

चौथा_गिअर (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. माझी गाडी साधी हॅचबॅक आहे, ऑटोमॅटिक क्लायमेट वगैरे काही नाही, तीन गोल नॉब, एक पंख्याचा, एक थंड-गरमचा, एक हवा कुठे सोडायची त्याचा, शिवाय आतली-बाहेरची हवा बदलायची पट्टी आणि एसीचं बटण. तक्रारी दोन आहेत. पहिली म्हणजे ब्लोअर १, २, ३ वर अजिबात फिरत नाही, ४ वर टाकला की एकदम जोरात सुरू. दुसरी म्हणजे थंडावा कमी झालाय, नॉब पार निळ्याच्या टोकाला नेला तरी हवा कोमट-गार अशी अधलीमधली येते. हीटर मात्र मस्त चालतो. एका ठिकाणी दाखवली तर न बघताच गॅस भरा म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी कूलिंग कॉइल गेलीय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल म्हणाले. मला डॅशबोर्ड उघडायच्या आधी नीट खात्री करून घ्यायचीय. घरी मल्टीमीटर आहे, स्क्रू ड्रायव्हर-पान्यांचा सेट आहे, वेळ पण आहे. कुठून सुरुवात करू?

पाना_१२:
आधी या दोन तक्रारी डोक्यात वेगळ्या करा. ब्लोअरच्या स्पीडचा आणि गॅसचा एकमेकांशी संबंध नाही. मॅन्युअल सिस्टीमची हीच गोष्ट मला आवडते, की हवा ढकलणं एक काम, हवा वळवणं आणि मिसळणं दुसरं, हवा थंड किंवा गरम करणं तिसरं, आणि तिन्ही वेगवेगळी तपासता येतात, कॉम्प्युटर लावायची गरज पडत नाही.

तुमचा ब्लोअर फक्त ४ वर चालतो म्हणजे मोटर, फ्यूज आणि मोटरचं अर्थिंग जिवंत आहे. १, २, ३ वर करंट ब्लोअर रेझिस्टरमधून जातो, ४ वर रेझिस्टर वगळून सरळ मोटरला मिळतो. त्यामुळे पहिला संशय रेझिस्टरवर. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली, ब्लोअरच्या डब्यातच बसवलेला असतो, दोन स्क्रू आणि एक कनेक्टर. इग्निशन बंद करा, कनेक्टर ओढा, रेझिस्टर बाहेर काढा. ब्लोअर आत्ताच चालवला असेल तर थोडं थांबा, ती कॉइल हात भाजेल इतकी तापते. कॉइल तुटलीय का बघा, आणि त्यावर एक छोटा थर्मल फ्यूज (जास्त तापला की तुटणारा) असतो त्याची कंटिन्युइटी, म्हणजे त्यातून करंट आरपार जातो का, ते मल्टीमीटरने बघा. तो उडाला की बऱ्याच डिझाइनमध्ये खालचे सगळे स्पीड एकदम जातात आणि शेवटचा तेवढा उरतो.

पण नवीन रेझिस्टर लगेच बसवू नका. तो का जळला ते आधी शोधा. तो ब्लोअरच्या हवेच्या वाटेत मुद्दाम ठेवलेला असतो, हवेनेच गार राहावा म्हणून. केबिन फिल्टर धुळीने बुजला असेल, पंख्यात पाला अडकला असेल तर हवा कमी आणि रेझिस्टर तापतो. दुसरं कारण मोटर जड झालेली असणं. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या, कोरडे पडले की मोटर जास्त करंट ओढते आणि नवीन रेझिस्टर पण त्याच वाटेने जातो. कनेक्टरच्या पिना तपकिरी झाल्या असतील, प्लॅस्टिक वितळलं असेल तर कनेक्टरही बदला, सैल पिनेवर नवा पार्ट टिकत नाही.

रानफूल:
धागा अगदी वेळेवर आलाय, माझं पण ब्लोअरचंच आहे पण जरा वेगळं, माझ्याकडे १ चालतो, ३ आणि ४ चालतात, फक्त २ वर टाकलं की सगळं शांत. मला पण रेझिस्टरच बदला असं सांगितलंय. बदलू का?

पाना_१२:
ताई, थांबा. तुमच्या केसमध्ये रेझिस्टर बहुतेक चांगला आहे. कॉइलवाल्या रेझिस्टरमध्ये तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. १ वर करंट सगळ्या तुकड्यांतून जातो म्हणून वेग सगळ्यात कमी, २ वर एक तुकडा वगळला जातो, ३ वर अजून एक. आता १ चालतोय याचा अर्थ सगळे तुकडे शाबूत आहेत, नाहीतर १ आधी बंद पडला असता. मग २ एकटाच मेला तर दोष उरतो तो नॉबमागच्या स्विचच्या २ नंबरच्या संपर्कात, त्या वायरमध्ये किंवा कनेक्टरच्या त्या एका पिनेत. स्विच मोटरला प्लस देतो की अर्थ देतो हे गाडीगणिक बदलतं, म्हणून रेझिस्टरचा कनेक्टर काढून टेस्टर बल्ब एकदा प्लसला आणि एकदा बॉडीला धरून त्या पिनेवर बघा, नॉब २ वर ठेवून. नॉब १ आणि ३ वर नेल्यावर त्यांच्या पिनेवर बल्ब लागतो आणि २ वर २ च्या पिनेवर लागत नाही असं दिसलं की दोष स्विच किंवा वायरमध्ये हे पक्कं. काही गाड्यांत कॉइलऐवजी छापील पट्टीचा रेझिस्टर येतो, त्याची अंतर्गत जोडणी वेगळी असू शकते, त्यामुळे पार्ट हातात घेऊन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा आणि मगच ठरवा.

काळा_डबा:
मी गाड्यांच्या एसीचंच काम करतो म्हणून थंडाव्याच्या बाजूबद्दल लिहितो. धागाकर्ते, "गॅस भरा" हे वाक्य ऐकलं की मला त्रास होतो. एसी हे बंद सर्किट आहे, पेट्रोल जळतं तसा गॅस वापरून संपत नाही. होजमधून आणि कंप्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षानुवर्षांत अगदी थोडा झिरपतो, पण एका सीझनमध्ये थंडावा गेला तर कुठेतरी गळती आहे, किंवा मग दोष गॅसचा नाहीच.

तुमच्यासाठी एक तपासणी सांगतो, हत्यार लागत नाही. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना गाडी सुरू करा, लगेच एसी ऑन, नॉब थंडच्या टोकाला, आतली हवा, ब्लोअर ४ वर. पहिली काही मिनिटं व्हेंटमध्ये हात धरून बसा, थर्मामीटर असेल तर उत्तमच. हवा सुरुवातीला चांगली गार येत असेल आणि इंजिनच्या टेंपरेचरचा काटा वर चढतो तशी कोमट होत गेली, तर गॅस आणि कंप्रेसर त्यांचं काम करतायत आणि हीटरची गरमी त्या गार हवेत मिसळतेय.

कारण असं आहे की बहुतेक मॅन्युअल गाड्यांत हीटरच्या कॉइलमधून इंजिनचं गरम कूलंट कायम फिरत असतं, तुम्ही नॉब कुठेही ठेवा. नॉब फक्त एक फ्लॅप हलवतो. हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते, मग हा फ्लॅप ठरवतो की त्यातली किती हीटर कॉइलवरून न्यायची आणि किती बाजूने काढायची. फ्लॅप थंडच्या टोकाला पूर्ण बंद झाला नाही, थोडी फट राहिली तरी उन्हाळ्यात एसी मार खातो. आणि तुम्ही लिहिलंय हीटर मस्त चालतो, तर माझा कल तिकडेच आहे.

सोबत बॉनेट उघडून हेही बघा. एसी ऑन केल्यावर कंप्रेसरच्या क्लचचा टक् आवाज येतो का आणि पुलीच्या पुढची प्लेट फिरते का. कंडेन्सरचा (गॅसची गरमी बाहेर टाकणारी पुढची जाळी) पंखा सुरू होतो का. मग फायरवॉलजवळचे (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) दोन अ‍ॅल्युमिनियमचे पाइप, जाड पाइप गार होऊन घाम धरायला हवा, बारीक पाइप गरम. बारीक पाइप सांभाळून, नुसता बोट टेकवून बघा, आणि बाही, ओढणी, केस बेल्टपासून लांब. जाड पाइप गारठलाय आणि केबिनमध्ये हवा कोमट, तर गॅसवाल्याकडे जाऊच नका.

चांदणचुरा:
एक शंका. बाजारात छोटे कॅन मिळतात, होज आणि एक रंगीत गेज लावलेलं, हिरव्या पट्ट्यात काटा आला की झालं असं लिहिलेलं असतं. थोडा टॉप-अप करून बघायला काय हरकत आहे, नाही जमलं तर मग पुढचं बघू?

काळा_डबा:
हरकत आहे आणि ती नीट समजून घ्या. गॅसच्या दाबावरून सिस्टीममध्ये किती गॅस आहे ते कळत नाही. आर-१३४ए हा गाडीच्या एसीतला गॅस घेऊ, इंजिन बंद आणि बाहेर ३० डिग्री असेल तर गेज साधारण ९७ पीएसआय दाखवेल, आत ठरल्याच्या निम्मा गॅस असला तरी तेवढाच, पूर्ण असला तरी तेवढाच, कारण आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. त्यामुळे बंद गाडीत गेज लावून "दाब ठीक आहे" म्हणणं आणि चालू गाडीत एकाच बाजूचं गेज बघून भरत सुटणं, दोन्ही अंदाजपंचे.

चालू गाडीत दोन्ही बाजूंचे गेज एकत्र वाचायचे असतात. बाहेर तिशीचं तापमान असताना साधारण ३० ते ४५ पीएसआय कमी दाबाकडे आणि १८० ते २४० जास्त दाबाकडे, गाडीगणिक फरक पडतो. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता. दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा, किंवा आत साधी हवा शिरलीय, किंवा कंडेन्सरवर वारा लागत नाही, पंखा बंद आहे, मातीने जाळी बुजलीय. कमी बाजू चढलेली आणि जास्त बाजू उतरलेली असेल तर कंप्रेसर थकलाय. कमी बाजू खाली खाली जात व्हॅक्यूमकडे निघाली तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारं बारीक तोंड) चोंदलाय किंवा आतल्या ओलाव्याचा बर्फ तिथे अडकतोय. आता यातल्या दुसऱ्या केसमध्ये कोणी कॅन टोचला तर दाब अजून वाढणार, थंडावा अजून घटणार आणि कंप्रेसरवर ताण.

कॅनमध्ये गळती बुजवणारं सीलंट असेल तर त्याहून वाईट. ते व्हॉल्व्हमध्ये आणि पुढे सर्व्हिस मशीनमध्ये बसतं. आणि होज कधीही जास्त दाबाच्या बाजूला जोडायची नाही, कॅन फुटू शकतो. गॅस अंगावर उडाला तर आर-१३४ए उघड्या हवेत उणे २६ डिग्रीला उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती, म्हणून मी चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय होजला हात लावत नाही.

गॅस भरायची बरोबर पद्धत म्हणजे जुना गॅस मशीनने काढून घ्यायचा, तो वजनाने किती निघाला ते बघायचं, गळती शोधून दुरुस्त करायची, मग व्हॅक्यूम पंप लावून निदान अर्धा तास ओढायचं, पंप बंद करून काटा हलत नाही ना ते बघायचं, आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितके वजन करून भरायचे. व्हॅक्यूम नुसता हवा काढायला नसतो, आत शिरलेला ओलावा त्या कमी दाबात साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघतो. घाई केली की ओलावा आत राहतो, तेलात मिसळतो, पुढे आतून गंज. सिस्टीम बराच वेळ उघडी राहिली असेल तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदलायचा. स्टिकरवर गॅसचा प्रकार पण लिहिलेला असतो. नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो, तो हवेत सौम्य ज्वलनशील आहे, त्याचे पोर्ट वेगळ्या मापाचे असतात आणि दोन गॅस एकमेकांत मिसळायचे नाहीत. स्वस्त पडतो म्हणून कोणी एलपीजीसारखा गॅस भरत असेल तर सरळ नाही म्हणा, कूलिंग कॉइल केबिनच्या हवेच्या वाटेत असते, गळला तर पेटणारा गॅस थेट तुमच्या आणि पोरांच्या पुढ्यात येतो.

चांदणचुरा:
समजलं. दोन्ही गेजचं कोष्टक माझ्या डोक्यात इतकं स्पष्ट कधीच नव्हतं. कॅनचा विचार रद्द.

चौथा_गिअर (धागाकर्ता):
अपडेट देतो. रेझिस्टर काढला, थर्मल फ्यूज ओपन आहे, कॉइल दिसायला ठीक. कनेक्टरची एक पिन काळपट झालीय. केबिन फिल्टर काढला तर मूळ रंग ओळखू येत नव्हता, वर सुकलेली पानं. फिल्टर नसताना ४ वर ब्लोअरची हवा लगेच वाढली.

आणि काळा_डबा, तुमची सकाळची तपासणी केली. पहिल्यांदा हवा इतकी गार आली की मला वाटलं दोष गेला, मग काटा मधे आला तशी हवा कोमट. जाड पाइप मात्र तेव्हाही घामाने चिंब. क्लच लागतो, पंखा फिरतो. म्हणजे फ्लॅप. आता तिथे पोचायचं कसं? आणि त्या थर्मल फ्यूजला वायरने जोडून तात्पुरतं चालवता येईल का?

पाना_१२:
वायरने जोडू नका, अजिबात. तो फ्यूज आग टाळायला बसवलाय. तो वगळला आणि पंखा अडकला तर कॉइल लाल होईपर्यंत तापत राहील आणि भोवती सगळं प्लॅस्टिक आहे. नवा रेझिस्टर येईपर्यंत ४ वर चालवा, त्याने काही बिघडत नाही.

फ्लॅपसाठी ड्रायव्हरच्या किंवा शेजारच्या पायाकडे टॉर्च मारून डोकं आत घाला, हीटरच्या डब्याच्या बाजूला एक प्लॅस्टिकची आरी, म्हणजे फ्लॅप हलवणारा छोटा दांडा, दिसेल, तिला बारीक केबल आलेली असेल. कोणाला तरी नॉब फिरवायला सांगा आणि आरी पूर्ण या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते का बघा. माझा अंदाज, केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमधून सरकलंय. मग नॉब फिरतो, आतली तार हलते, पण आवरणही सोबत सरकतं आणि आरीला पूर्ण चाल मिळत नाही. दुरुस्ती सोपी आहे, नॉब थंडच्या टोकाला ठेवायचा, आरी हाताने थंडच्या टोकाला दाबून धरायची आणि त्याच स्थितीत आवरण क्लिपमध्ये बसवायचं. मग नॉब गरमच्या टोकाला नेऊन ते टोकही मिळतंय ना बघायचं. नॉब जड जात असेल तर जोर लावू नका, आतले दाते किंवा आरी तुटली तर काम वाढतं. आरी पूर्ण जाते तरी हवा कोमटच असं असेल तर फ्लॅपच्या कडेचा फोम झडलाय, अशा वेळी व्हेंटमधून काळे फोमचे कण उडताना दिसतात. काही गाड्यांत हीटरच्या होजवर वेगळा व्हॉल्व्ह असतो आणि केबल इंजिनच्या बाजूला त्याला जाते, तुमच्यात तसं असेल तर तो पूर्ण बंद होतो का तेही बघा.

आणि मोटरचा करंट मोजायचाय तर साध्या मल्टीमीटरने सीरिजमध्ये मोजू नका, त्याची रेंज बहुतेक १० अँपिअरपर्यंत असते आणि ब्लोअर फुल स्पीडला त्याच्या वर जातो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर कोणाकडे मिळाला तर वापरा. नाही मिळाला तर गाडी बंद करून पंखा हाताने फिरवून बघा, अलगद फिरून हळूहळू थांबायला हवा. घासतोय, लगेच थांबतोय, खरखर येतेय तर मोटर आजारी आहे.

माळरान:
माझं उलटं आहे, एसी उत्तम पण हीटर गरमच होत नाही. थंडीत काचेवरची वाफ जात नाही, समोरचं दिसत नाही म्हणून पहाटे गाडी काढायला भीती वाटते. फ्लॅपच असेल का?

पाना_१२:
असू शकतो, पण आधी कूलंट. इंजिन पूर्ण गार असताना पातळी बघा, गरम असताना झाकण उघडायचं नाही, उकळतं कूलंट दाबाने अंगावर येतं. पातळी कमी असेल तर हीटर कॉइलमध्ये हवा अडकते आणि गरमी येत नाही. मग टेंपरेचरचा काटा बघा, लांब चालवूनही तो नेहमीच्या जागेपर्यंत येत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, इंजिनच तापत नाही तर हीटर कुठून तापणार. काटा ठीक असेल तर फायरवॉलला जाणाऱ्या दोन रबरी होजना हात लावून बघा. दोन्ही गरम आणि हवा थंड, तर फ्लॅप किंवा केबल. एक गरम आणि दुसरी गार-कोमट, तर हीटर कॉइल चोंदलीय, किंवा व्हॉल्व्ह असेल तर तो बंद आहे. चोंदलेली कॉइल कमी दाबाच्या पाण्याने दोन्ही दिशांनी धुता येते. प्रेशर वॉशर लावू नका, कॉइल फुटेल आणि मग खरंच डॅशबोर्ड उतरवावा लागेल.

काचेवर चिकट वाफ धरत असेल, गोडसर वास येत असेल, पायाखालचा कार्पेट ओला असेल तर हीटर कॉइल गळतेय. त्यात दिरंगाई नको.

आणि तोवर पहाटे निघताना एसी पण ऑन ठेवा, हवा काचेकडे, बाहेरची हवा घ्या. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून काच लवकर साफ होते, बाहेर थंडी असली तरी. फार कडाक्याच्या थंडीत मात्र कंप्रेसर लागत नाही, ते नॉर्मल आहे.

रानफूल:
ओल्या कार्पेटवरून आठवलं, माझ्या गाडीत उन्हाळ्यात शेजारच्या सीटच्या पायाशी पाणी येतं, पण वास नाही, चिकट नाही. आणि लांबच्या प्रवासात तासाभराने हवेचा जोर आपोआप कमी होतो, ब्लोअरचा आवाज तोच असतो. एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा जोरात.

काळा_डबा:
ताई, साधं पाणी म्हणजे कूलिंग कॉइलचा ड्रेन पाइप बुजलाय. गाडीखाली फायरवॉलजवळ छोटी रबरी नळी लोंबते, दमट हवेत एसी चालू असताना तिथून पाणी ठिबकायलाच पाहिजे. खालून मऊ वायर किंवा हलक्या हवेने मोकळी करा, टोकदार सळई घालू नका, आत कॉइल आहे.

हवेचा जोर कमी होणं म्हणजे कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइलच्या जाळीत एक तापमानाचा सेन्सर खोचलेला असतो, जाळी शून्याच्या जरा वर आली की त्याने कंप्रेसर बंद करायचा आणि थोडी तापली की परत सुरू. तो जागेवरून निघाला असेल किंवा चुकीचं वाचत असेल तर कंप्रेसर थांबतच नाही आणि जाळी बर्फाने बंद होते. बुजलेला फिल्टर आणि कमी झालेला गॅस यानेही असंच होतं. क्रम असा ठेवा, आधी फिल्टर, मग सेन्सर, गॅस शेवटी. एक लक्षात घ्या, काही गाड्यांत बिनक्लचचा, आपोआप कमीजास्त होणारा कंप्रेसर असतो, त्यात टक् आवाज ऐकायची वाट बघू नका.

चौथा_गिअर (धागाकर्ता):
झालं! केबलचं आवरण क्लिपमधून निघालेलंच होतं, क्लिपचा एक कान तुटलाय. पाना_१२ नी सांगितलं तसं आरी दाबून बसवलं आणि सध्या छोट्या केबल टायने आवळलंय. इंजिन पूर्ण तापल्यावरही थर्मामीटर व्हेंटमध्ये ८ डिग्री दाखवतोय. गॅसला हात लावला नाही, डॅशबोर्ड जागेवर आहे, खूप खूप आभार दोघांचे. नवा रेझिस्टर आणि पिनांसकट कनेक्टर मागवलाय. पंखा हाताने फिरवला तर किंचित घासतो असं वाटतं, मोटर आत्ताच बदलू की वाट बघू?

पाना_१२:
मोटर बाहेर काढा, बहुतेक तीन स्क्रू असतात, आणि आधी पंख्याचा पिंजरा साफ करा, घासण्याचं कारण नुसतं पान किंवा कागद पण असतो. साफ करूनही घासत असेल तर मोटर रेझिस्टरच्या सोबतच बदला. आणि तो केबल टाय फार घट्ट ओढू नका, आवरण चेपलं तर आतली तार अडते, नवी क्लिप मिळाली की तीच लावा.